खाऱ्या भाताची चोविसावी पिढी

जनी लग्न होऊन रोह्याकडं आली त्या दिवशी तिच्या सासूनं, काशीबाईनं, मिठाचा वाडगा उचलून वरच्या फळीवर ठेवला. पेणच्या खाडीकाठची पोर, मिठागरं हाकेवर, तेव्हा हिचा हात मिठाला सैल असणार, असा काशीबाईचा सरळ अंदाज. दुसऱ्या दिवशी नव्या सुनेची आमटी पानात पडली आणि घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. आमटीत मीठच नव्हतं. तिसऱ्या दिवशी वालाच्या भाजीत नव्हतं. चौथ्या दिवशी जनीच्या नवऱ्यानं, गोविंदानं, हळूच विचारलं, "आईनं वाडगा वर ठेवला म्हणून तू सत्याग्रह चालवलास काय?"

जनी बावरली. माहेरी वरकामाला विहिरीचं पाणी होतं, आणि ती विहीर खाडीची सख्खी बहीण. त्या पाण्यात डाळ शिजवली की मीठ आपोआप आत. प्यायचं गोडं पाणी मैलभरावरून यायचं, ते कोण डाळीत घालणार?

"आमच्याकडं मीठ टाकत नाय," ती म्हणाली. "काढता आलं असतं तर काढलं असतं."

काशीबाई हसली आणि वाडगा खाली आला. एकोणीसशे सहासष्ट सालच्या वैशाखातली ही गोष्ट. त्या एका हसण्यावर सासू-सुनेचं पुढं पंचवीस वर्षं बरं चाललं, हे बऱ्याच घरांपेक्षा जास्त झालं.

जनीचा बाप रघू. जिते गावाच्या पलीकडं खाडीच्या अंगाला दीड तास चालत गेलं की त्याचं गाव. गावाची सगळी शेती मोठ्या बांधाच्या आत. रघूचा दोन बिघ्यांचा तुकडा मात्र बांधाच्या बाहेर, खाडीच्या तोंडात दिल्यासारखा. भोवती त्यानं आणि त्याच्या बापानं घातलेला मातीचा छोटा बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला व भरतीचं पाणी अडवायला एक लाकडी फळी. फळी वर, की आतलं पाणी बाहेर. फळी खाली, की बाहेरची खाडी बाहेर. रघूचं सगळं आयुष्य या फळीच्या वरखाली गेलं. गावातली माणसं म्हणायची, देव भेटला तरी रघू आधी विचारील, भरती आहे की ओहोटी.

त्या तुकड्यात दुसरं कुठलं भात येत नसे. रघूकडं होतं ते तांबड्या दाण्याचं, लांब कुसळांचं, गुडघ्याएवढंच वाढणारं. दिसायला अगदी गरीब. पावसानं दहा दिवस दडी मारली की जमिनीतून खार वर येई, शेत पिठी मारल्यासारखं पांढरं होई. शेजारच्यांचं भात पिवळं पडलं तरी हे आपलं दात आवळून उभं. पंचावन्न साली बांधाला खांड गेली, खाडी सरळ शेतात येऊन बसली. पुढच्या पावसाळ्यात याच भातानं त्याच मातीत अंग धरलं. रघू ते दर वर्षी एकदा तरी सांगायचाच. ऐकणारा नसेल तर बैलाला सांगायचा.

आणि बी धरायची त्याची तऱ्हा अशी, की जनीला लहानपणी तिची लाज वाटे. तुकड्याच्या खालच्या अंगाला एक जळका कोपरा होता. तिथं खार सगळ्यात जास्त, अर्धी रोपं मरायची, उरलेली काडीसारखी. कापणीच्या आधी रघू नेमका त्या कोपऱ्यात जायचा आणि तिथल्या मरतुकड्या लोंब्या खुडून बियाण्याला ठेवायचा. वरच्या अंगाच्या भरलेल्या लोंब्या खायला. जनीला वाटायचं, आपला बाप चिकट. चांगलं ते पोटाला, वाईट ते जमिनीला. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि रघूनंही कधी सांगितलं नाही. श्वास कसा घ्यायचा हे कोणी पोरीला सांगत बसतं का?

लग्नात जनीची ओटी भरायची वेळ आली तेव्हा रघू बायकांच्या घोळक्यात घुसला. हातात फडक्यात बांधलेलं शेरभर भात. तांदूळ नव्हे, कुसळांसकट भात. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "काय रं रघूदादा, पोरीनं सासरी जाऊन कांडायचं का ह्ये?"

"कांडायचं नाय, पेरायचं," रघू म्हणाला. मग जनीकडं वळला. "तिकडं असू दे गो थोडं. माझ्याकडचं कधी गेलं तर तुझ्याकडं ऱ्हाईल. खाडीचा काय नेम."

बापानं सासरी जाताना कुणाला दागिना दिला, कुणाला भांडं. जनीला राखण दिली. तिनं पदराला गाठ मारली ती मनालाही मारली.

सासरची जमीन म्हणजे लोण्यासारखी. गोडं पाणी, काळी माती, पावसाळ्यात भात आणि मागून वाल. कोपऱ्यातलं एक खाचर गोविंदानं तिला दिलं. म्हणाला, "तुझ्या माहेरच्या पाव्हण्याला इथं ऱ्हाऊ दे."

पाहुणा असा वाढला की जनीला ओळखेना. माहेरी गुडघ्याला लागणारं भात इथं तिच्या छातीला लागलं. पात रुंद, हिरवीगार. तिला वाटलं आपण लावणीत काही घोटाळा केला, दुसऱ्याचीच रोपं लावली. दिवाळीनंतर रघू पहिल्यांदा लेकीकडं आला, एका हातात केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा मासा, पोरीसाठी खास तळ्यातून काढलेला. रोह्याच्या बाजारात जनी त्याला आणायला उभी होती आणि रघू तिच्या अंगावरून सरळ पुढं गेला.

"आबा," तिनं हाक मारली.

रघूनं मागं वळून बघितलं. सहा महिन्यांत पोरगी दोन बोटं उंच झाली होती, गालावर मांस आलं होतं, उन्हानं करपलेला रंग उजळला होता.

"तू हायस व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं तालुक्याची मास्तरीन."

घरी आल्यावर जनीनं भीतभीत भात दाखवलं. रघूनं उभा दांडा हातानं मोजला, दाणा चावला आणि हसला. "त्येच हाय. खायाला गावलं की उंच होतं. तुझ्यासारखं. परत खाडीत नेलं की परत गुडघ्याएवढं."

तेव्हा ते खरंच होतं. पहिल्या वर्षीच्या त्या भाताचं अंग तेवढं बदललं होतं, रक्त बदललं नव्हतं.

बी धरायची वेळ आली तेव्हा काशीबाईनं सुनेला आपली रीत शिकवली. कापणीच्या आधी खाचराच्या मधोमध जायचं. सगळ्यात उंच, सगळ्यात भरलेली, वाकलेली लोंबी बघायची. तीच खुडायची. जुडी बांधून चुलीवर टांगायची, धुरात कीड लागत नाही. जनीला हे फार आवडलं. बापाच्या गरिबीत जे भाताच्या वाट्याला आलं नव्हतं ते आता आपण देऊ असं तिला वाटलं. तिनं दर वर्षी मधल्या वाफ्यातली सगळ्यात देखणी लोंबी निवडली. काशीबाई कुसळांवरून कुरकुर करायची, "ह्ये तुझं माहेर झोडताना सगळ्या अंगाला टोचतं गो." म्हणून जनीनं कमी कुसळांची लोंबी निवडली. भात वाऱ्यानं पडायचं म्हणून दांड्याची जाड निवडली. चोवीस वर्षं तिनं एक साल चुकवलं नाही. पोरगा तापानं फणफणला होता त्या वर्षीही ती कमरेला विळा खोचून खाचरात गेली आणि लोंब्या खुडून परत त्याच्या उशाशी येऊन बसली.

रघू दर माघात यायचा. शेत तेव्हा रिकामं असे, म्हणून तो फक्त दाणा बघायचा. दाणा वर्षागणिक टपोरा होत गेला. तांबडी साल तशीच. रघू मुठीत घेऊन सगळ्या घराला दाखवायचा, "बगा, मामाकडं ऱ्हायलेल्या पोरासारखं गुटगुटीत." एकदा त्यानं दाणा बोटात फिरवून कुसळ शोधलं, ते फारसं सापडलं नाही, आणि त्यानं दाणा पुन्हा उजेडाला धरला. पण तेवढ्यात काशीबाईनं चहा आणला आणि गोष्ट तिथंच राहिली.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात, आषाढाच्या उधाणाला, रघूच्या बांधाला खांड गेली. वरून पाऊस, खालून खाडी. उभं भात आठ दिवस खाऱ्या पाण्याखाली राहिलं आणि कुजलं. पेरून उरलेलं बी त्याआधीच पोटात गेलं होतं. रघूकडं त्या भाताचा एक दाणा उरला नाही.

जनीचा भाऊ जगन नागोठण्याच्या बाजूला कंपनीत होता. पुढच्या वर्षी वैशाखात शिफ्ट संपवून तो रोह्याला बहिणीकडं आला आणि ओसरीवर बसला.

"आबा बांध बांधतोय," तो म्हणाला. "पंच्याहत्तरीचा म्हातारा, घमेली वाहतोय. मी बोललो, आबा, जाऊ दे. तळं करू, जिताडं सोडू. तर मला बोलला, तू कंपनीत जा."

"मग?"

"मग काय, सुट्टीच्या दिवशी मी पन घमेली वाहतोय. पन ताई, जमीन दोन साल रिकामी ऱ्हायली की खाडीचं कांदळ शिरतं. झाडं एकदा उभी ऱ्हायली की शेत गेलं. आबाकडं हा एकच पावसाळा हाय." मग खाली बघत म्हणाला, "तो बोलतो, जनीकडं हाय. जनीनं ठेवलंय."

जनीनं चुलीवरच्या जुड्या काढल्या, कणगीतलं तेच भात पोत्यात भरलं.

लावणीच्या तोंडावर सून माहेरी जाणं म्हणजे घरात भूकंप. पण काशीबाई आता खाटेवर होती, आणि खाटेवरून तिनं निकाल दिला. "जा. आमचं भात कुनीबी लावील. त्याचं तूच लावायला पायजे."

पंचेचाळीस किलोचं पोतं घेऊन जनी रोह्याहून गाडीत बसली, जित्याला उतरली. रघू बैलगाडी घेऊन आलेला. त्यानं आधी पोत्याला हात लावला, मग पोरीच्या डोक्याला.

पहिल्या दिवशी जनीनं सवयीनं डाळीत मीठ टाकलं. खारट पाण्यात मीठ. रघू न बोलता सगळं जेवला आणि तांब्याभर गोडं पाणी प्यायला, एवढं तो सणालासुद्धा पीत नसे. चौथ्या दिवशी जनीचा हात मीठ विसरला. शेतातल्या चिखलानं पहिल्या दोन दिवसांत तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्या सोलून काढल्या, ती रॉकेलच्या चिंध्या बांधून फिरत होती. दहा दिवसांत कातडी निबर झाली, चिंध्या सुटल्या. शेजारची हौसा म्हणाली, "आली गो माघारी खारी जनी. मी बोलले ही आता मास्तरीनच ऱ्हाते का काय."

पावसानं जमीन दोन आठवडे धुऊन काढली. रघूनं फळी वर-खाली करून पाच वेळा पाणी बदललं. मोड आणलेलं भात बापलेकीनं चिखलात फेकलं. चार दिवसांत हिरवं दिसलं. बांधावर माणसं बघायला आली. जगन रजा काढून आला. रघू नुसता फळीवर हात ठेवून बसला होता, झोपलेल्या पोराच्या पाळण्याला धरतात तसा.

मग पावसानं नऊ दिवस उघडीप दिली.

अशी उघडीप दर वर्षी असते. पाचव्या दिवशी शेत पांढरं झालं. रघू म्हणाला, "आता बग, ह्ये अंग आवळंल." भातानं अंग आवळलं नाही. ते वर वर जात राहिलं, रोह्याच्या खाचरात असल्यासारखं, पात रुंद करत, पाणी मागत. सातव्या दिवशी पातीचे शेंडे पिवळे झाले. मग शेंडे तांबूस झाले, सुकून आत वळले. कुणीतरी उदबत्ती लावून टेकवत गेल्यासारखं दिसत होतं. नवव्या दिवशी पाऊस आला, आणि मेलेल्या भातावर पडला.

रघू शेतात उतरला. एक रोप उपटून त्याचं मूळ बघितलं, दुसरं बघितलं. जनी बांधावर उभी होती. तिला लहानपणीचा तो जळका कोपरा समोरच दिसत होता, आणि बाप तिथं वाकून मरतुकड्या लोंब्या का खुडायचा ते तिला तिथं, उभ्याउभ्या, कळलं.

ती खाली उतरली. "आबा, बी मी कुठलं धरत व्हते, तू कधी इचारलं नायस."

"कुठलं?"

"मधल्या वाफ्यातलं. सगळ्यात भरलेलं."

रघूनं रोप खाली ठेवलं. "दर साली?"

"दर साली. एक पन नाय चुकवलं."

रघूनं हाताचा चिखल मांडीला पुसला. मग रघू म्हणाला, "बेस केलंस. पोटच्याला कोन कोपऱ्यातलं देतं?"

"तू देत व्हतास ना. मला वाटायचं तू चिकट."

"मी कुठं देत व्हतो बाय. खाडी निवडायची. ज्याला खार सोसला नाय ते मरायचं. जे उरायचं ते मी मुठीत घ्यायचो. मी नुसता हमाल." तो थांबला. "तुझ्याकडं मारनारं कोनच नव्हतं."

"पन मी पन तिकडंच व्हते, आबा. चोवीस सालं. माझं पाय दहा दिवसांत नीट झालं."

"तू तीच जनी हायस. हितं जन्मलीस, तिकडं गेलीस, माघारी आलीस. अंग वळतं, माघारी वळतं. ह्ये तू नेलंस ते भात नाय. त्याच्या पोराचं पोर, त्याचं पोर. चोविसावं. त्यातल्या कुनी खाडी बघितलीच नाय." मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "दाना बघून मलाच लई बरं वाटायचं. मला कळायला पायजे व्हतं. म्हाताऱ्याला टपोरा दाना दिसला आनि म्हातारा भुलला."

तो तिला एक शब्द लावून बोलला नाही. बोलला असता तर जनीला बरं वाटलं असतं.

तिला मागं परतावं लागलं, सासरची लावणी खोळंबली होती. निघायच्या दिवशी रघूनं तिला शेतात नेलं. दोन बिघ्यांत सात बुंधे जिवंत होते. सात. कुठं तरी कसं तरी जुनं रक्त उरलेले. रघूनं त्यांच्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं. "सातातून मूठभर आलं तरी पुरंल," तो म्हणाला. "मूठभरावरूनच माझ्या बापानं सुरुवात केली असंल."

श्रावण गेला, भादवा गेला. जनी स्वतःच्या खाचरातलं भात बघायला जाईनाशी झाली. ते छातीला लागलं होतं, वाऱ्यावर डोलत होतं, आणि तिला ते डोलणं बघवत नव्हतं. आश्विन संपता संपता जगन ओसरीवर आला. "आबा बोलवतोय. लोंब्या आल्यात."

ती दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं गेली. जित्याहून चालत निघाली, निम्मी वाट पळाली. बांधावर चढली आणि लांबूनच तिला दिसलं. भरलेली लोंबी वाकते. त्या सातही बुंध्यांच्या लोंब्या सरळ उभ्या होत्या.

रघू कुंपणाशी बसला होता. "माझ्या बोटाला आता कळत नाय," तो म्हणाला. "तू बग."

जनी खाली बसली. एकेक दाणा अंगठ्यानं दाबायला लागली. पहिला पोचट. दुसरा पोचट. फुलोऱ्याच्या वेळी खार चढला की टरफल धरतं, आत काही भरत नाही. एका लोंबीवर साठ-सत्तर दाणे, तिनं प्रत्येक दाबला. दुसरा बुंधा, तिसरा. बाप तिच्या बोटांकडं नव्हे, तोंडाकडं बघत होता. खोटं बोलावं, रोह्याहून पिशवीतून आणलेल्या भातातले दोन दाणे मुठीत धरून दाखवावेत असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. सातवा बुंधा संपेपर्यंत ऊन बांधाच्या पलीकडं गेलं होतं.

तिनं मान हलवली.

रघूनं विचारलं नाही, नीट बघितलंस का. तो उठला, गुडघ्यावर हात टेकून, आणि बांधावरून फळीकडं चालायला लागला. जनी मागं गेली. बाहेर भरती चढत होती.

"फळी फुगलीय," तो म्हणाला. "एकट्याला उचलत नाय. धर."

"आबा, जगन येऊ दे. पुढच्या साली कुठनं तरी बी आनू. सरकारी मिळतं. मी फिरते."

"तू फिरशील, मला म्हाईत हाय," रघू म्हणाला. "मी नाय ना तेवढा ऱ्हात. जगन तळं करंल. रिकामी ठेवून कांदळाला देन्यापेक्षा मीच खाडीला देतो. धर बाय."

दोघांनी फळी धरली. ती हलेना. जनीनं पदर खोचला, पाय चिखलात रोवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बापापेक्षा जास्त जोर लावला. फळी वर आली. पाणी आधी बोटभर, मग हातभर, मग सगळं आत आलं, काट्यांचं कुंपण घेऊन गेलं. सात बुंध्यांच्या उभ्या लोंब्या थोडा वेळ पाण्यावर दिसत राहिल्या.

"तुझी गाडी चुकंल," रघू म्हणाला.

"चुकू दे," जनी म्हणाली, आणि दोघं पाणी भरून येईपर्यंत तिथंच बसली.